पाण्याला नाव असतं का

मुक्ते,

शोकसभेत सगळ्यांनी मिळून तुला शांत स्वभावाची करून टाकलं. मितभाषी, मनमिळाऊ, कधी आवाज चढवला नाही, असं एकेक जण उठून बोलत होता आणि मी मागच्या बाकावर ओठ दाबून बसले होते, कारण मला हसू फुटत होतं. तुझा आवाज चढला की शेजारच्या खोलीतले लोक दार ओढून घ्यायचे. फळ्यावर खडू आपटून तू त्याचे तुकडे करायचीस आणि मग तुकडा सापडत नाही म्हणून माझ्यावरच डाफरायचीस. हे कुणी बोललं नाही. गेलेल्या माणसाला लोक इतक्या घाईनं गुळगुळीत का करतात, मला कळत नाही. मी शेवटपर्यंत थांबले नाही. उठले आणि भर उन्हात फाटकापर्यंत चालत गेले, तिथून परत विभागापर्यंत, पुन्हा फाटक.

तेव्हापासून हे असंच चाललंय. एका जागी बसवत नाही. लॅबमध्ये खुर्चीत टेकलं की समोर तुझी खुर्ची, तिच्या पाठीवर तुझी हिरवी ओढणी. कुणी उचलत नाही, मीही नाही. मग मी उठते, कँटीनला जाते, कॉफी सांगते आणि ती यायच्या आधी निघून येते. कँटीनवाला आता मला विचारतच नाही. काल पुदु आरुच्या काठानं चालत सुटले. सरकारी कागदावर त्या कालव्याचं नाव लांबलचक आहे, पण तुम्ही लोक त्याला 'नवी नदी' म्हणता आणि ती नवी नदी तुमच्या आज्या-पणज्यांच्या वेळेपासून नवीच आहे. त्याच पाण्याच्या कडेनं गेलं की तुझं ओरत्तनाडु येतं. मी तितकं चालले नाही. पण चालले असते.

आणि रागही येतो. तुझ्यावर येतो. भांडण अर्धं टाकून कुणी जातं का?

आपली पहिली भेट आठवते तुला? माणदेशातल्या गावातून मी संशोधनाला इथे तंजावरला आले होते. कानावर मराठी पडून आठवडा झाला होता. मेसमध्ये रांगेत उभी राहून मी मोडक्या इंग्रजीत ताकाची चौकशी करत होते, तेवढ्यात मागून कुणी तरी कुणाला तरी म्हणालं, "ही मराठी आहे म्हणून दिसतें." मी गर्रकन वळले. तू ताट घेऊन उभी होतीस, केसांत मोगरा, चेहऱ्यावर वाद घालायची तयारी.

"तुम्ही कुठल्या? पुण्याच्या?" मी विचारलं.

"मी कशाला पुण्याची? इथलीच. ओरत्तनाडु."

"पण मराठी?"

"आम्ही तुमच्यापेक्षां जुने मराठी," तू म्हणालीस. "तुमचीच बिघडली."

मुक्तांबा हे नाव त्या गावच्या मराठेकालीन छत्राचं, म्हणजे धर्मशाळेचं, ते तुला ठेवलं, आणि दाखल्यावर त्याचं तमिळ वळणाचं मुक्तांबाळ झालं. हे सगळं तू मला भात कालवता कालवता सांगितलंस. माझं नाव कल्पना आहे कळल्यावर पहिला विनोदही तेव्हाच केलास. पुढे तो किती वेळा ऐकावा लागणार आहे, याची मला तेव्हा कल्पना नव्हती. माझा एखादा युक्तिवाद फसला की तू सगळ्या खोलीला ऐकू जाईल असं म्हणायचीस, "कल्पने, तुला एक कल्पना तरी सुचूं दे मा!"

तुला देवनागरी वाचता येत नसे. एकदा फळ्यावर मी 'उद्या लवकर ये' लिहून गेले, तर तू तो फळा आपल्या गाइड सरांना दाखवून विचारलंस की ही कुठली नवी चिन्हं. म्हणजे हे जे मी लिहितेय, ते तू असतीस तरी तुला वाचता आलं नसतं. तरी मराठीतच लिहितेय. इंग्रजीत तुझ्याशी फक्त सिद्धता बोलता यायची. भांडणं मराठीत असायची.

निघताना मी "येते" म्हटलं की तुला चालायचं नाही. "नुसतें येतें कसें? आधी जायला नको कां? जाऊन येतें म्हण." आमच्याकडे 'जाते' म्हणणं अशुभ, म्हणून आम्ही जाणं गाळूनच टाकतो. तुमच्याकडे जाणंही बोलायचं आणि येणंही. तू म्हणायचीस, हा आपल्या दोन घराण्यांतला फरक. शेवटच्या वेळी अंगात ताप घेऊन बसमध्ये चढलीस तेव्हाही खिडकीतून "जाऊन येतें" म्हणालीस. मी "औषध घे" म्हटलं. याच्यापुढे मला काही लिहायचं नाही. तुझ्या त्या दोन शब्दांवरून लोकांना रडवणारं बरंच लिहिता येईल आणि तू ते ऐकून तोंड वाकडं करशील.

मला आपल्या भांडणाबद्दल लिहायचंय. त्याच्यासाठीच बसलेय, जितका वेळ बसवेल तितका.

आपला विषय सांगायला तसा सोपा. एक उगम, एक शेवट, मध्ये वाटांचं जाळं, आणि प्रत्येक वाटेतून किती जाऊ शकतं याला मर्यादा. तर उगमापासून शेवटापर्यंत जास्तीत जास्त किती पाठवता येईल? सर इंटरनेटचं उदाहरण द्यायचे. पुस्तकात तेलाच्या नळ्या असायच्या. तुझ्यासाठी मात्र ते पाणीच होतं, पहिल्या तासापासून. जिथे जागा शिल्लक आहे अशी वाट शोधायची, ती भरायची, पुन्हा शोधायची. पण आधी भरलेली वाट पुढे चुकीची ठरू शकते, म्हणून भरलेल्या प्रत्येक वाटेसोबत कागदावर एक उलटी वाट मांडून ठेवायची; तिच्यावरून आधी पाठवलेलं मागे घेता येतं. सरांनी हे सांगितलं मात्र, तू वर्गात हात न उचलताच बोललीस. "दिलेलं पाणी परत घ्यायचं? आमच्याकडे असं केलं तर डोकी फुटतील, सर!" सगळे हसले. सरही हसले. तू हसली नाहीस.

तुझं आजोळ कालव्याच्या अगदी शेपटाला. तिथे पाणी सगळ्यात शेवटी पोचतं, आणि कधी कधी पोचत नाही. त्या टोकाला तुमच्याकडे कडैमडै म्हणतात. पाणी सोडलं की "कडैमडैपर्यंत पोचलं का" ही बातमी असते, हे तू मला सांगितलंस. आणि पाण्याच्या पाळीला तुम्ही म्हणता मुरै. पण मुरै म्हणजे नुसती पाळी नाही. मुरै म्हणजे रीत, मुरै म्हणजे जे योग्य ते. "पाळी आणि न्याय, दोन्हींना आमचा एकच शब्द," तू म्हणालीस, आणि एवढी खूश झालीस जणू तो शब्द तूच बनवला होतास.

तिथूनच तुझा प्रश्न निघाला. सगळ्यात लांबच्या शेताला आधी द्यायचं, मग त्याच्या अलीकडच्याला, मग त्याच्या. असं केलं तर एकूण पोचणारं पाणी कमी होईल का? सगळ्यांना वाटतं होईल. न्याय करायचा तर नुकसान सोसायचं, असंच आपण गृहीत धरतो. तू म्हणालीस, होणार नाही. एका थेंबानंही नाही.

आणि ते तू सिद्ध केलंस. तिरुवैयारुला, घाटाच्या पायऱ्यांवर. आपण बसनं गेलो होतो, तुला म्हणे विभागातल्या पंख्याखाली विचार करता येत नव्हता. कावेरीत पाणी बेताचंच होतं. तू खाली वाळूत उतरलीस, काडीनं रेघा मारल्यास, एक म्हातारे गृहस्थ संध्या थांबवून बघायला लागले. मी पायरीवर मुरुक्कु खात होते. मध्येच तू काडी टाकून दिलीस आणि ओरडलीस, "कल्पने! परत घ्यायला लागतच नाहीं! वाट बदलते, तेवढेंच!" लांबच्या शेताला एकदा दिलेलं पाणी शेतातून कधी काढावं लागत नाही, दुसऱ्याला जागा करून द्यायची तर ते फक्त वेगळ्या वाटेनं तिथेच येतं. उलटी वाट शेतापर्यंत पोचतच नाही, मधल्या मध्येच काम भागवते. मी पायऱ्या उतरून आले, मुरुक्कु हातातच. ओळीमागून ओळ तपासली. कुठेही फट नव्हती. एखादी गोष्ट आत्ता, या क्षणाला, पहिल्यांदा खरी झाली आहे आणि आपण तिथे उभे आहोत, असं मला आयुष्यात एकदाच वाटलं आहे. ते तुझ्यामुळे. हे मी तुला कधी म्हटलं नाही. "बरोबर दिसतंय" एवढंच म्हटलं. तू म्हणालीस, "दिसतंय काय? आहे!"

इथे थांबली असतीस तर?

पण तू थांबणारी कुठली. एका उगमावरून तू अनेक उगमांवर गेलीस. दोन नद्या, दोन धरणं, प्रत्येकाची आपापली शेतं. तिथेही लांबच्याला आधी द्या, एकूण कमी होणार नाही. सर खूश झाले. हा मोठा दावा होता, पेपर त्याच्यावर उभा राहणार होता, त्याला सगळे 'मुरै प्रमेय' म्हणायला लागले. आणि मला तो पटेना. तुझ्या सिद्धतेत एक ओळ होती: जिथे दोन वाटा एकमेकींना छेदतात तिथे त्यांची शेपटं बदलून घ्या. म्हणजे हे पाणी तिकडे आणि ते पाणी इकडे. मी त्या ओळीवर बोट ठेवलं.

"अशी कशी बदलशील? हे एकाचं पाणी आहे, ते दुसऱ्याचं."

"पाण्यास नांव असतें कां?"

"असतं! आमच्याकडे असतं."

"तुमच्याकडे पाणीच नाहीं," तू म्हणालीस, आणि माझा एवढा संताप झाला की मी तुझ्याशी संध्याकाळपर्यंत बोलले नाही. संध्याकाळी तू माझ्या टेबलावर गरम पणियारमचा पुडा आपटलास आणि म्हणालीस, "चूक आहे म्हणून वाटत असेल तर उदाहरण दाखव. वाटणें म्हणजे गणित नव्हे."

हे खरंच होतं. माझ्याकडे उदाहरण नव्हतं. मी काही तरी काढून आणायचे आणि तू त्यात एक वाट बदलून, एक अट घालून ते मोडायचीस. मग मी वैतागून जायचे आणि तू विजयी मुद्रेनं फळा पुसायचीस. असं किती दिवस चाललं, मी मोजलं नाही. मग तुला ताप आला.

तुझ्यानंतर सरांनी मला बोलावलं. ते बरेच वाळले आहेत. म्हणाले, पेपर पूर्ण कर आणि पाठव, तिचं नाव पहिलं, तिच्या वडिलांनाही मी शब्द दिला आहे. मी म्हटलं, सर, अनेक उगमांचा भाग मला पटलेला नाही. ते म्हणाले, "कल्पना, परीक्षकांना चूक सापडायची असेल तर सापडेल. आपणच का शोधायची?" ते वाईट अर्थानं बोलले नाहीत. त्यांना तू मुलीसारखी होतीस. मी मान हलवली आणि बाहेर आले आणि चालायला लागले.

माझ्यापुढे आता दोनच गोष्टी होत्या, आणि दोन्ही नको होत्या. उदाहरण शोधायचं आणि ते सापडलं, तर ज्याला सगळे तुझं प्रमेय म्हणतात ते माझ्या हातानं मोडणार. न शोधता पाठवायचं, तर तुझं नाव अशा वाक्यावर छापून येणार जे कदाचित खोटं आहे, आणि तू आता ते दुरुस्तही करू शकणार नाहीस. जिवंत माणसाची चूक ही चूक असते. पुढच्या पेपरात तो ती सुधारतो. तुझी मात्र कायमची राहिली असती.

म्हणून मी काय केलं सांगू? मी तुझ्या बाजूनं भांडले. मनापासून. तू जशी माझी उदाहरणं मोडायचीस तशी मीच माझी मोडत होते, तुझ्या आवाजात. त्या ओळीला आधार मिळावा म्हणून जे जे सुचलं ते सगळं करून पाहिलं. एकदा वाटलं मिळाला, आणि मी नवीन बस स्टँडवरच्या गर्दीत एकटीच मोठ्यानं हसले. बसमध्ये बसून पुन्हा तपासलं तर तो नव्हता.

उदाहरण मिळालं ते कालव्याच्या काठी असताना आलेल्या माझ्या आईच्या फोनमुळे. तिचा फोन म्हणजे तुला माहीत आहे, तू स्पीकरवर ऐकून पोट धरून हसायचीस. ती शेजारच्या दादांवर तापली होती. "अगं, त्येंची पायपलाईन आपल्या बांधावनं, आपली त्येंच्या रानातनं. मी म्हनलं, कशाला ह्यो गुंता? तुमच्या हिरीचं पानी माझ्या रानाला सोडा, माझं तुमच्या. दोगांचं बी जवळनं भागतंय. तर न्हाई म्हनला! त्येचं पानी त्येच्याच रानात जायला पायजे. आता काय बोलावं, सांग?"

मी पिशवीत बसचं तिकीट शोधत होते. तिला वाटलं फोन कट झाला.

मी तिथेच, कालव्याच्या कठड्यावर, बसच्या तिकिटामागे चित्र काढलं. इतकं लहान आहे, मुक्ते, की तुला राग येईल. दोन विहिरी, दोन मालक. मध्ये दोन अरुंद चर, एकापुढे एक. पहिल्या मालकाचं शेत लांब. त्याच्या पाण्याला आधी पहिल्या चरातून आणि मग दुसऱ्याही चरातून जावंच लागतं. दुसऱ्या मालकाला दोन वाटा आहेत, एक फक्त पहिल्या चरातून, एक फक्त दुसऱ्या. आता लांबच्याला आधी दे. त्याचं पाणी दोन्ही चर भरून टाकतं आणि दुसऱ्याला थेंबही मिळत नाही. उलट दुसऱ्याला आधी दे, तर त्याचं दोन्हीकडून येतं, एकूण दुप्पट. लांबच्याला मात्र काही नाही. म्हणजे इथे न्यायाची किंमत मोजावी लागते. अर्धी.

आणि पुढचं बघ. त्याच चित्रात कुणाचं पाणी कुणाचं हे विसरून जा. मग दुसऱ्या विहिरीचं पाणी दुसऱ्या चरातून लांबच्या शेताला जातं, पहिल्या विहिरीचं पहिल्या चरातून दुसऱ्याच्या शेताला, आणि सगळं पोचतं, एक थेंब वाया न जाता. पाण्यावरचं नाव पुसलं की तू बरोबर. नाव ठेवलं की मी. एवढ्यावरच आपण इतके दिवस भांडत होतो. तुझ्या डोळ्यांसमोर सगळं पाणी पश्चिमेकडच्या एकाच तोंडातून येणारं आणि शेतांत पसरत जाणारं. ते कुणाचं असतं हा प्रश्नच तुझ्या गावात कुणाला पडला नव्हता. अशी चूक तिथलंच माणूस करू शकतं. मला ती दिसली यात माझी हुशारी नाही. आमच्याकडे पाण्याला आधी नाव असतं, मग पाणी.

जिंकले मी. तिकीट मुठीत चुरगळलं, पुन्हा सरळ केलं. मला कुणाला तरी सांगायचं होतं आणि ज्या एकाच माणसाला ते ऐकून खरा त्रास झाला असता, ते माणूस नव्हतं.

सरांना सांगायच्या आधी मी तुझ्या घरी गेले. बस नेहमीसारखीच भरलेली होती. तुझा फोटो लावलाय. ओळखपत्रावरचाच मोठा करून घेतलाय, त्यात तू फोटोवाल्यावर चिडलेली आहेस. एक फोटो तरी खरा निघाला. तुझ्या आईंनी कॉफी आणली आणि "जेवलीस कां?" विचारून उत्तराची वाट न बघता आत ताट वाढायला गेल्या. अप्पा कचेरीतून निवृत्त झाल्यापासून जसे बसतात तसेच बसले होते, इस्त्रीचा शर्ट घालून, कुणी फाईल आणील म्हणून थांबल्यासारखे.

"बस मा," ते म्हणाले. "छापून कधीं येईल? तिचें नांव पहिलें ना?"

"अप्पा, नाव पहिलंच आहे. पण त्यातला मोठा भाग चुकीचा आहे."

दारातून आई म्हणाल्या, "चूक म्हणून कोण सांगितलें?"

"मी."

"तूं तिच्याशी भांडायचीसच," आई म्हणाल्या, आणि ताट हातात घेऊन तिथेच उभ्या राहिल्या.

अप्पांनी चष्मा काढला. "ती असतांना भांडलीस, तें बरें. ती घरीं येऊन तुझेंच सांगायची, आम्हांला हसायला यायचें. आतां ती नाहीं. आतां कोण उत्तर देईल मा?"

मी म्हटलं, तिच्या बाजूनं मीच उत्तरं देऊन पाहिली, अप्पा, जमतील तेवढी सगळी. नाही टिकलं. माझा आवाज फुटला आणि मला त्याचाही राग आला. मी उठून खिडकीशी गेले, परत आले, पुन्हा गेले. तुझ्या घरातही मला बसवेना.

"मग तिचें काय राहिलें?" त्यांनी विचारलं.

"पहिला भाग. एका उगमाचा. तो पक्का आहे."

"पक्का म्हणजे?"

"म्हणजे कुणालाही मोडता येणार नाही."

"तूं मोडून पाहिलीस कां?"

"पाहिलं. आधीही पाहिलं होतं, परवा पुन्हा पाहिलं. नाही मोडत."

त्यांनी चष्मा परत लावला. ते तुझ्या फोटोकडे नाही, माझ्याकडे बघत होते. "सेरी," ते म्हणाले. "मग तें ठेव. बाकीचें तूं लिही." मग आईंकडे वळून म्हणाले, तिला वाढ, ती उभ्यानंच जाईल. मी उभ्यानं गेले नाही. बसून जेवले. आईंनी तुझ्या आवडीचं वत्तकुळंबु केलं होतं आणि माझ्या ताटात दोनदा वाढलं. बोलल्या मात्र नाहीत. त्यांनी मला माफ केलंय असं मी म्हणणार नाही. निघताना दारापर्यंत आल्या, एवढंच.

सरांनी चित्र पाहिलं. तिकिटामागचंच दाखवलं मी, तशी सवयच आहे आपल्याला. त्यांनी दोन्ही चरांवरून पेन्सिल फिरवली, कपाळावर हात मारला आणि हसले. तू गेल्यापासून पहिल्यांदा हसले. "हे तिला दाखवायला हवं होतं," ते म्हणाले.

तर पेपर असा झालाय: पहिल्या भागात तुझं प्रमेय, एका उगमाचं, तिरुवैयारुच्या वाळूतलं, एकही शब्द न बदलता. दुसऱ्या भागात, अनेक उगमांना ते का लागू होत नाही याचं माझं उदाहरण. तुझं नाव पहिलं, त्याच्यावर एक छोटी खूण, आणि पानाच्या तळाशी त्या खुणेचा अर्थ. ती तळटीप मी टाइप केली नाही. सरांनी केली.

आज दुपारी पाठवायला बसले. सगळं भरून झालं. शेवटच्या पानावर एक चौकट होती, आणि तिच्यासमोर एक वाक्य: सर्व लेखकांनी हा अंतिम मसुदा वाचला आहे आणि तो त्यांना मान्य आहे. चौकटीत बरोबरची खूण केल्याशिवाय पेपर पुढे जात नाही. सर म्हणाले, कर गं, ती नुसती रीत असते. आणि ते तासाला निघून गेले.

मी उठले, दार लावलं आणि दुसरा भाग मोठ्यानं वाचला. पहिल्या ओळीपासून. जिथे तू मध्येच तोंड घातलं असतंस तिथे थांबले. व्याख्येपाशी थांबले. दोन चर एकापुढे एक का, म्हणून तू नक्की विचारलं असतंस, तिथे बराच वेळ थांबले. एखादी अट घालशील, एखादी वाट वाढवशील, "नाहीं, नाहीं, नाहीं" म्हणत खडू हिसकावून घेशील. पंखा फिरत होता. बाहेर कुणी तरी दुचाकी सुरू करत होतं, ती सुरू होत नव्हती. मी शेवटच्या ओळीपर्यंत वाचलं आणि तुझी हरकत आली नाही.

तुला हे मान्य झालं नसतं, मुक्ते. इतक्या सहज तर मुळीच नाही. तरी मी खूण केली आणि पेपर गेला. त्यातली प्रत्येक ओळ मी तपासली आहे, कुणीही तपासावी. खोटं असं त्यात आता एकच वाक्य आहे, आणि ते माझं आहे.